बीक्ड व्हेल ओळखायचे कसे: कुळापासून प्रजातीपर्यंत

बीक्ड व्हेल म्हणजे चोचवाले देवमासे. झिफीडी या त्यांच्या कुळात आज २४ प्रजाती मानल्या जातात, आणि डॉल्फिनांचे कूळ वगळले तर देवमाशांच्या दुसऱ्या कोणत्याही कुळात एवढी विविधता आढळत नाही. हे प्राणी सुमारे चार मीटरपासून बारा मीटरपर्यंत लांबीचे असतात, तरीही त्यांतील कित्येक प्रजाती जिवंत अवस्थेत फारच थोड्या लोकांनी पाहिल्या आहेत. काहींची ओळख तर किनाऱ्याला लागलेल्या एखाद्या शवावरून, सुट्या जबड्यावरून किंवा संग्रहालयात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कवटीवरूनच झाली.

असा प्राणी समुद्रात, छायाचित्रात किंवा किनाऱ्यावर समोर आला, तर काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे येथे सविस्तर मांडले आहे. आधी कूळ, मग वंश आणि शेवटी प्रजाती हा क्रम सोडू नये, आणि पुरावा जिथे संपतो तिथे थांबावे. समोर मादी किंवा पिल्लू असेल, तर ‘मेसोप्लोडॉन वंश, प्रजाती अनिश्चित’ (मेसोप्लोडॉन हा या कुळातील सर्वाधिक प्रजातींचा वंश) एवढीच नोंद बहुधा योग्य ठरते, आणि अंदाजाने लिहिलेल्या प्रजातीच्या नावापेक्षा ती अभ्यासकांच्या कितीतरी अधिक उपयोगी पडते.

पहिली पायरी: प्राणी याच कुळातला आहे का

चोच आहे म्हणून प्राणी बीक्ड व्हेल ठरत नाही, कारण अनेक डॉल्फिनांनाही चोच असते. कुळाची खात्री चार खुणांवरून करावी आणि त्यांतील निदान दोन तरी स्पष्ट दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सर्वांत भरवशाची खूण घशाखाली असते. तेथे दोन खोबणी असतात. त्या पुढच्या बाजूला एकमेकींजवळ येतात, पण जुळत नाहीत, त्यामुळे त्यांचा आकार टोकाशी उघड्या राहिलेल्या कोनासारखा दिसतो. निळा देवमासा किंवा मिंक व्हेल यांच्या घशावर अनेक समांतर घड्या असतात, तर डॉल्फिनांच्या घशावर अशी जोडी नसते. ही खूण पाण्यात सहसा दिसत नाही, पण किनाऱ्यावरचा प्राणी असेल तर पहिल्यांदा तीच शोधावी.

दुसरी खूण शेपटीची. बहुतेक देवमाशांच्या आणि डॉल्फिनांच्या आडव्या शेपटीच्या मागच्या कडेला मधोमध खाच असते. बीक्ड व्हेलमध्ये ती खाच साधारणपणे नसते. कड सरळ असते किंवा मध्यभागी किंचित फुगीर असते. एखाद्या प्राण्यात उथळ खाच आढळू शकते, म्हणून केवळ या खुणेवर निर्णय सोपवू नये.

तिसरी खूण पाठीवरच्या पराची. हा पर लहान असतो आणि चोचीच्या टोकापासून शरीराच्या सुमारे दोन तृतीयांश अंतरावर, म्हणजे बराच मागे असतो. डॉल्फिनचा पर सहसा पाठीच्या मध्यावर असतो. चौथी खूण छातीच्या परांची: ते शरीराच्या मानाने लहान असतात आणि कुशीला त्यांच्यासाठी उथळ खोलगट जागा असते. खोल बुडी घेताना पर तेथे दाबून बसतात, आणि पाण्याचा विरोध कमी होतो.

समुद्रावर तीन प्राण्यांमुळे फसगत होण्याचा संभव असतो. मिंक व्हेलचा पाठीवरचा पर मागेच असतो, पण त्याचे डोके चपटे व टोकदार असते आणि त्याला फुगीर कपाळ नसते. रिसो डॉल्फिनच्या अंगावर बीक्ड व्हेलसारखेच पांढरे ओरखडे असतात. मात्र त्याचा पर उंच व पाठीच्या मध्यावर असतो आणि त्याला चोच नसते. खुजा स्पर्म व्हेल पाण्यावर निश्चल तरंगताना लांबून गोंधळ होऊ शकतो, पण त्याचे बोथट डोके दिसले की शंका मिटते.

दुसरी पायरी: पाण्याची खोली आणि वर येण्याची रीत

निरीक्षणाच्या ठिकाणी समुद्र किती खोल आहे, हे नकाशावरून आधी पाहावे. बीक्ड व्हेल उथळ पाण्यात राहत नाहीत. साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त खोल पाणी, खंडाच्या कडेचा उतार, पाण्याखालच्या दऱ्या आणि बुडालेले पर्वत हा त्यांचा प्रदेश. कॅनडातील नोव्हा स्कॉशियाजवळची गली नावाची सागरी दरी, इटलीजवळचा लिग्युरियन समुद्र, कॅनरी बेटांतील एल हिएरो, बहामा बेटांचा परिसर आणि अमेरिकेतील केप हॅटरससमोरचा उतार ही त्यांच्या अभ्यासाची ठिकाणे आहेत, आणि या सर्व ठिकाणी किनाऱ्यापासून फार दूर न जाता खोल पाणी लागते.

हे प्राणी खोल पाण्यात का राहतात, हे त्यांच्या बुड्या पाहिल्या की कळते. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर उपकरण लावलेल्या एका क्युविए बीक्ड व्हेलची २,९९२ मीटर खोल बुडी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच अभ्यासातील सर्वांत लांब बुडी १३७ मिनिटांहून अधिक काळाची होती. पुढे केप हॅटरससमोर याच प्रजातीच्या एका प्राण्याने २२२ मिनिटांची, म्हणजे ३ तास ४२ मिनिटांची बुडी घेतल्याचे नोंदले गेले. नेहमीची शिकारीची बुडीही सुमारे तासभराची असते. स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिनचे मोठे प्रमाण आणि बुडीत चयापचय मंदावण्याची क्षमता, यांच्या बळावर हे शक्य होते.

निरीक्षकासाठी याचा अर्थ सरळ आहे. प्राणी थोडा वेळ वर येतो, काही श्वास घेतो आणि नाहीसा होतो. तो पुन्हा कोठे वर येईल याचा भरवसा नसतो. फवारा बुटका व विरळ असतो, त्यामुळे समुद्र अगदी शांत असेल तरच शोध फलदायी ठरतो. पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला, की बीक्ड व्हेल शोधणे जवळजवळ व्यर्थ असते. प्राणी दिसताच आधी डोक्याची छायाचित्रे घ्यावीत, मग पराची व पाठीची. बहुतेक जण पराची घेतात आणि डोके निसटते, वास्तविक प्रजातीचा निर्णय डोक्यावरच अवलंबून असतो. प्राण्याच्या मागे होडी पळवू नये. वर येण्याचा अल्प अवधी त्याला श्वासासाठी हवा असतो, आणि शांत राहिलेल्या होडीजवळूनच चांगली छायाचित्रे मिळतात.

तिसरी पायरी: लांबी आणि डोक्याचा घाट पाहून वंश ठरवणे

कुळात सहा वंश आहेत. त्यांपैकी पाच वंशांत मिळून आठच प्रजाती येतात आणि उरलेल्या १६ प्रजाती एकट्या मेसोप्लोडॉन वंशात आहेत. म्हणून आधी ते पाच वंश तपासून बाजूला काढावेत. ते तुलनेने सोपे आहेत.

बेरार्डियस वंशातील प्राणी सर्वांत मोठे. उत्तर प्रशांत महासागरातील बेयर्ड बीक्ड व्हेल १२ मीटरच्या आसपास वाढतो; दक्षिण गोलार्धातील आर्नू बीक्ड व्हेल त्याच्याशी फार मिळताजुळता, पण आकाराने लहान असतो. दोघांचीही चोच लांब, खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला आणि त्याच्या टोकावरचे दोन दात तोंड बंद असतानाही दिसणारे असतात. बेयर्ड बीक्ड व्हेलचे कळप दाट असतात व सगळे जण एकदमच वर येतात, त्यामुळे त्यांचे फवारे लांबूनही ओळखू येतात. जपानच्या होक्काइदो बेटाभोवतीचे मच्छीमार याच प्रकारातील एक लहान, काळसर प्राणी पूर्वीपासून वेगळा मानत होते. २०१९ मध्ये साटो बीक्ड व्हेल या नावाने ती स्वतंत्र प्रजाती ठरली, तेव्हा त्यांच्या निरीक्षणाला शास्त्राची मान्यता मिळाली. प्रौढ साटो बीक्ड व्हेल सात मीटरच्या आतच राहतो.

हायपरूडॉन वंशात उत्तरी आणि दक्षिणी असे दोन बॉटलनोज व्हेल येतात. त्यांचे कपाळ चोचीवर घुमटासारखे उभे राहते. प्रौढ उत्तरी नराचे कपाळ समोरून सपाट व फिकट होते, कारण त्यामागे वरच्या जबड्याच्या हाडांचे दोन प्रचंड उंचवटे असतात. नर एकमेकांना डोक्याने धडका देतात तेव्हा याच भागाचा उपयोग होतो. उत्तरी बॉटलनोज व्हेल जहाजांच्या जवळ येऊन कुतूहलाने घुटमळतात. या स्वभावामुळेच उत्तर अटलांटिकमधील शिकारीच्या काळात ते हजारोंच्या संख्येने मारले गेले.

झिफियस वंशात क्युविए बीक्ड व्हेल ही एकच प्रजाती आहे आणि ध्रुवीय पाणी सोडले तर ती जवळपास सर्व महासागरांत आढळते, म्हणून नवख्या निरीक्षकाला दिसण्याचा संभव तिचाच सर्वांत जास्त. लांबी सुमारे पाच ते सात मीटर. चोच आखूड, कपाळ हळूहळू उतरत गेलेले, तोंडाची रेषा मागे वर वळलेली. वय वाढत जाते तसे, विशेषतः नरांचे, डोके आणि मानेमागची पाठ पांढरी होत जाते. जॉर्ज क्युविए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२३ मध्ये या प्रजातीचे वर्णन भूमध्य समुद्राच्या फ्रेंच किनाऱ्यावर सापडलेल्या कवटीवरून केले, आणि हा प्राणी कधीच नामशेष झालेला आहे असे त्याने मानले. आज तीच या कुळातील सर्वाधिक अभ्यासलेली प्रजाती आहे.

इंडोपॅसेटस वंशातील लाँगमन बीक्ड व्हेल हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण भागात राहतो. हेबर लाँगमन यांनी १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या एका कवटीवरून त्याचे वर्णन केले, १९५५ मध्ये सोमालियात दुसरी कवटी मिळाली, आणि पुढची कित्येक दशके सगळी माहिती या दोन कवट्यांपुरतीच राहिली. २००३ मध्ये जनुकीय तपासणीतून मालदीवमध्ये किनाऱ्याला लागलेला प्राणी आणि इतर काही नमुने याच प्रजातीचे असल्याचे सिद्ध झाले. उष्ण समुद्रात मोठ्या कळपाने वेगात पोहणारे, फुगीर कपाळाचे व तुलनेने उंच पराचे बीक्ड व्हेल दिसले, तर हे नाव मनात ठेवावे.

उरला टास्मासेटस वंशातील शेफर्ड बीक्ड व्हेल. तो दक्षिण गोलार्धातील थंड समुद्रांत राहतो, त्याच्या कुशीवर फिकट व गडद पट्टे ठळक असतात, आणि दातांच्या बाबतीत तो साऱ्या कुळाला अपवाद आहे.

चौथी पायरी: दात

या कुळाची ओळख अखेर दातांपाशी येऊन ठरते, म्हणून येथे घाई करू नये.

बहुतेक बीक्ड व्हेलच्या वरच्या जबड्यात बाहेर आलेले दात नसतात आणि खालच्या जबड्यात फक्त एक जोडी असते. तीही प्रौढ नरांतच हिरडीबाहेर येते. माद्यांचे व पिल्लांचे दात हिरडीत गाडलेले राहतात, म्हणजे बाहेरून पाहता ती दंतहीनच असतात. बेरार्डियस वंशात दोन जोड्या असतात आणि त्या नर-मादी दोघांतही उगवतात. शेफर्ड बीक्ड व्हेलच्या दोन्ही जबड्यांत दातांच्या पूर्ण रांगा असतात आणि नराच्या खालच्या जबड्याच्या टोकाला त्याशिवाय दोन सुळे असतात. ग्रे बीक्ड व्हेलच्या वरच्या हिरडीत बारीक दातांची एक रांग आढळते.

दात नसताना हे प्राणी खातात कसे, हा प्रश्न साहजिक आहे. त्यांचे खाणे मुख्यतः माकूळ आणि खोल पाण्यातले मासे. भक्ष्य तोंडाजवळ आले, की जीभ व तिच्या मुळाशी असलेले कंठिकास्थी जोराने मागे खेचले जाते, अगदी पिचकारीचा दट्ट्या ओढावा तसे. घशाखालच्या खोबणींमुळे घसा फुगतो, तोंडातला दाब एकाएकी घटतो आणि पाण्याबरोबर माकूळ आत ओढले जाते. दात नसलेली मादी नराइतकीच पोटभर खाते, यावरूनच कळते की नराचे सुळे खाण्यासाठी नसून आपसांतल्या झुंजींसाठी आहेत.

याचा सर्वांत विलक्षण पुरावा पट्टीदंती बीक्ड व्हेल या दक्षिणी प्रजातीत मिळतो. त्याच्या प्रौढ नराचे दोन दात खालच्या जबड्यातून वर येऊन मागे झुकतात आणि वरच्या जबड्याला दोन्हीकडून जणू कवेत घेतात. त्यांची लांबी ३० सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकते. तोंड जेमतेम काही सेंटीमीटरच उघडते, तरी असे नर चांगले पोसलेले आढळतात, कारण ओढून घेण्यासाठी एवढी फट पुरते.

प्रत्यक्ष पाहणीत तीन गोष्टी नोंदवाव्यात: दात जबड्याच्या टोकापासून किती अंतरावर आहे, त्याचा आकार कसा आहे, आणि त्या ठिकाणी खालचा जबडा सरळ आहे की कमानीसारखा वर उचललेला. दात बाहेर आलेले नसतील, तर हातमोजे घालून हिरडीवरून बोट फिरवावे. उंचवटा लागला तर त्याचे टोकापासूनचे अंतर मोजून लिहावे. कवटी किंवा जबडा मिळाला असेल, तर दाताच्या खोबणीची जागा मोजावी. दात गळून गेला तरी खोबण राहते.

पाचवी पायरी: मेसोप्लोडॉनच्या १६ प्रजाती वेगळ्या करणे

येथे प्रौढ नराशिवाय खात्रीने पुढे जाता येत नाही. नर असेल तर दाताच्या जागेनुसार गट पाडावेत.

दात जबड्याच्या अगदी टोकाशी किंवा त्याच्या जवळ असेल, तर ट्रू, रामारी, हेक्टर आणि पेरिन बीक्ड व्हेल यांचा विचार करावा. ट्रू बीक्ड व्हेल पूर्वी उत्तर अटलांटिक व दक्षिण गोलार्ध अशा दोन्हीकडे राहणारी एकच प्रजाती समजली जात असे. २०२१ मध्ये दक्षिणेकडील प्राण्यांना रामारी बीक्ड व्हेल हे स्वतंत्र स्थान मिळाले. न्यूझीलंडमधील माओरी तज्ज्ञ रामारी स्टुअर्ट यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले गेले. हे दोन प्राणी बाहेरून जवळजवळ सारखे असल्यामुळे त्यांच्या बाबतीत ठिकाणाची नोंद दातांइतकीच महत्त्वाची ठरते.

दात टोकापासून थोडा मागे, साधारण ७ ते १० सेंटीमीटरवर असेल आणि प्राणी अटलांटिकमधला असेल, तर तो जर्व्हे बीक्ड व्हेल असण्याचा संभव अधिक.

दात जबड्याच्या मध्याच्या सुमारास असलेल्या प्रजाती सर्वाधिक आहेत आणि त्यांत जबड्याची कमान मोलाची मदत करते. ब्लेनव्हिल बीक्ड व्हेलच्या नरात खालचा जबडा मागच्या अर्ध्या भागात इतका उंच उचललेला असतो की दात वरच्या जबड्याच्याही वर येतो. पुष्कळदा त्या दातांवर देठाचे बार्नकल (कठीण पृष्ठभागावर वाढणारे लहान समुद्री जीव) चिकटलेले असतात आणि लांबून डोक्यावर दोन काळे गोंडे असल्यासारखे दिसते. याच नराच्या चोचीचे हाड आजवर तपासलेल्या हाडांमध्ये अत्यंत घन ठरले आहे. हब्ज बीक्ड व्हेलच्या नराची चोच पांढरी असते आणि कपाळावर पांढऱ्या टोपीसारखा डाग असतो. एवढी स्पष्ट रंगखूण या वंशात दुर्मीळच. स्टेजनेगर, अँड्र्यूज आणि गिंकोदंती बीक्ड व्हेल यांचे दात रुंद व चपटे असतात. त्यांतही गिंकोदंती नराचे दात हिरडीबाहेर फार थोडे डोकावतात, आणि म्हणूनच त्याच्या अंगावर झुंजीचे ओरखडेही तुरळक असतात.

सॉवर्बी बीक्ड व्हेलचे वर्णन १८०४ मध्ये झाले. तो उत्तर अटलांटिकमध्ये राहतो. त्याची चोच लांब व सडपातळ असते आणि जबड्याला ठळक कमान नसते. ग्रे बीक्ड व्हेलची चोच तर आणखी बारीक, सरळ आणि प्रौढपणी पांढरी असते. सर्वांत लहान खुजा बीक्ड व्हेल सुमारे चार मीटरचा असतो. त्याचे वर्णन १९९१ मध्ये पेरूमधील नमुन्यांवरून झाले. डेरानियागाला बीक्ड व्हेलची हकीकत वेगळी आहे: श्रीलंकेतील नमुन्यावरून १९६३ मध्ये त्याला स्वतंत्र नाव दिले गेले, मग तो गिंकोदंतीच असल्याचे मानून ते नाव बाजूला पडले, आणि २०१४ मध्ये जनुकीय पुराव्याने ते पुन्हा प्रस्थापित झाले.

फावडेदंती बीक्ड व्हेल ही जगातील बहुधा सर्वांत दुर्मीळ देवमासा-प्रजाती. न्यूझीलंडच्या चॅथम बेटांपैकी पिट बेटावर १८७२ मध्ये मिळालेल्या जबड्यावरून तिचे वर्णन १८७४ मध्ये झाले. पूर्ण शरीरे पहिल्यांदा २०१० मध्ये मिळाली, तीही एका मादीची आणि तिच्या पिल्लाची. सुरुवातीला त्यांची नोंद ग्रे बीक्ड व्हेल म्हणून झाली होती आणि जनुकीय तपासणीनंतरच खरी ओळख पटली. जुलै २०२४ मध्ये ओटागोच्या किनाऱ्याला सुमारे पाच मीटरचा नर लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, माओरी समाज व शास्त्रज्ञ यांच्या सहभागाने, या प्रजातीचे पहिले संपूर्ण विच्छेदन झाले. त्यात जठराचे नऊ कप्पे आणि वरच्या जबड्यात अवशेषरूपी बारीक दात आढळले.

सहावी पायरी: ओरखडे आणि रंग यांचा अर्थ लावणे

झुंजीतल्या जखमा भरताना तेथे रंगद्रव्य परत येत नाही, त्यामुळे लांब पांढऱ्या रेषा आयुष्यभर राहतात. अशा रेषांनी भरलेला प्राणी बहुधा प्रौढ नर असतो. मात्र बेरार्डियस वंशात माद्यांनाही दात असल्यामुळे हा नियम तेथे लावू नये. दोन रेषा समांतर आणि जवळजवळ असतील, तर त्या टोकाशी दात असलेल्या नराच्या असू शकतात. त्यांमधले अंतर मोजण्याजोगे असेल तर अवश्य मोजावे. उष्ण समुद्रातल्या प्राण्यांवर लंबगोल पांढरे डागही दिसतात. ते कुकीकटर या लहान शार्कच्या चाव्याचे असतात आणि नर-मादी दोघांवरही आढळतात, म्हणून त्यांवरून लिंग ठरवू नये. थंड पाण्यातल्या प्राण्यांवर सूक्ष्म शैवालाचा पिवळसर तपकिरी थर चढतो व मूळ रंग झाकून टाकतो.

किनाऱ्यावरील शवाच्या बाबतीत रंगावर विसंबूच नये. मृत्यूनंतर त्वचा लवकर काळवंडते आणि पुस्तकांतल्या चित्रांत दिसणाऱ्या फिकट छटा नाहीशा होतात. लगेच छायाचित्रे घेतली असतील तरच रंगाची नोंद ग्राह्य धरावी.

सातवी पायरी: किनाऱ्याला लागलेला प्राणी

प्राणी जिवंत असेल तर प्रथम स्थानिक वन्यजीव किंवा सागरी विभागाला कळवावे. तोवर त्वचेवर ओले कापड ठेवावे, डोक्यावरील श्वासछिद्र झाकले जाणार नाही व त्यात पाणी किंवा वाळू जाणार नाही याची काळजी घ्यावी, गर्दी दूर ठेवावी, आणि शेपटीला दोर बांधून ओढण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नये, कारण त्याने मणक्यांना इजा होते.

काही तासांच्या अंतराने, काही किलोमीटरच्या पट्ट्यात एकापेक्षा अधिक बीक्ड व्हेल किनाऱ्याला लागले, तर ही बाब फार गांभीर्याने घ्यावी. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर आणि सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांवर असे घडले, तेव्हा जवळच्या समुद्रात नौदलाचे सराव चालू होते आणि शक्तिशाली सोनार (ध्वनिलहरी सोडून पाण्याखालच्या वस्तू शोधणारी यंत्रणा) वापरले जात होते. कॅनरी बेटांवरील मृत प्राण्यांच्या अवयवांत वायूचे बुडबुडे आणि चरबीचे कण रक्तवाहिन्यांत अडकलेले आढळले. स्पेनने २००४ मध्ये त्या बेटांभोवती अशा सोनारवर बंदी घातली, आणि त्यानंतर तेथे सामूहिक मृत्यूच्या तशा घटना थांबल्या. असे बुडबुडे शव कुजू लागले की ओळखता येत नाहीत, म्हणून अशा प्रसंगी तज्ज्ञांना शक्य तितक्या लवकर बोलावणे फार गरजेचे असते. विच्छेदनात जठरही तपासले जावे, कारण माकूळ समजून हे प्राणी प्लॅस्टिक गिळतात. २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये मेलेल्या एका क्युविए बीक्ड व्हेलच्या पोटात सुमारे ४० किलो प्लॅस्टिक निघाले.

शवाची लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मागच्या कडेच्या मध्यापर्यंत, शरीराच्या बाजूने सरळ रेषेत मोजावी. पाठीच्या वळणावरून फीत फिरवली की आकडा फुगतो. टोकापासून पराच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर, चोचीची लांबी आणि तोंडाच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर हेही लिहावे. छायाचित्रे पूर्ण शरीराची दोन्ही बाजूंनी, डोक्याची बाजूने व वरून, घशाच्या खोबणींची, शेपटीची आणि जननेंद्रियाच्या भागाची घ्यावीत, आणि प्रत्येकात मोजपट्टी दिसेल असे पाहावे. शवाला उघड्या हातांनी स्पर्श करू नये. फुगलेल्या शवाला छेद देऊ नये; ते काम प्रशिक्षित व्यक्तींचे आहे.

आठवी पायरी: आवाज आणि जनुके

दृष्टीने जे ठरत नाही ते पुष्कळदा आवाजाने ठरते. शिकार शोधताना बीक्ड व्हेल खोल पाण्यात टिकटिकीसारखे ध्वनी काढतात. त्यांची वारंवारता प्रत्येक स्पंदनात खालून वर चढत जाते. क्युविए बीक्ड व्हेलमध्ये ती ४० किलोहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येण्यापलीकडे. वारंवारता आणि दोन स्पंदनांमधील अंतर प्रजातीनुसार बदलते, त्यामुळे पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकावरून त्यांचे अस्तित्व ओळखता येते. पृष्ठभागाजवळ मात्र ते सहसा गप्प असतात, म्हणून ध्वनिग्राहक शांत आहे यावरून प्राणी तेथे नाही असा निष्कर्ष काढू नये.

शवाच्या बाबतीत शेवटचा शब्द जनुकांचा. अधिकृत परवानगी असलेल्या व्यक्तीने त्वचेचा नखाएवढा तुकडा घेऊन तो तीव्र इथेनॉलमध्ये किंवा शीतपेटीत ठेवावा. फॉर्मलिन वापरू नये, त्याने जनुकीय द्रव्य खराब होते. जुने नमुने जपून ठेवल्याचे फळ पेरिन बीक्ड व्हेलच्या बाबतीत मिळाले. कॅलिफोर्नियात १९७५ ते १९७९ या काळात किनाऱ्याला लागलेले चार प्राणी हेक्टर बीक्ड व्हेल म्हणून नोंदले गेले होते आणि १९९७ मधील पाचवा क्युविए बीक्ड व्हेलचे पिल्लू समजला गेला होता. २००२ मध्ये जनुकीय तपासणीने हे पाचही एका नव्याच प्रजातीचे असल्याचे दाखवून दिले. म्हणून नोंदवहीत आणि नमुन्याच्या डबीवर दिनांक, ठिकाण, लांबी व लिंग यांच्यासोबत दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: आपण ठरवलेले नाव, आणि ते ज्या खुणांवरून ठरवले त्या खुणा. नाव पुढे बदलले, तरी खुणांची नोंद त्यानंतरच्या अभ्यासकाला तशीच वापरता येते.